जुनी हार्ड डिस्क, नवा बॅकअप : पुसण्यापासून परत मिळवून पाहण्यापर्यंत



पेटची तयारी कशी करायची, सिनॉप्सिस कसा लिहायचा, गाइड कसा निवडायचा, हे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. गोळा केलेला डेटा ठेवायचा कुठे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. लॅपटॉपमध्ये आहे ना, मग झालं, असं आपण धरून चालतो. म्हणून आज एका साध्या, हाताने करायच्या कामाबद्दल लिहिते. घरात पडलेली जुनी हार्ड डिस्क नीट पुसून, तपासून आणि नव्याने पार्टिशन करून ती संशोधनाच्या बॅकअपसाठी कशी वापरायची, ते पाहू.

हे काम दोन-तीन क्लिकचं आहे असं वाटतं. फॉरमॅट मारला, फायली टाकल्या, संपलं. पण त्यात दोन धोके असतात. त्या डिस्कमध्ये आधी ज्यांची माहिती होती, त्यांची ती माहिती तशीच राहते. आणि ज्या डिस्कवर आपण विश्वास टाकतो, ती विश्वासाच्या लायकीची आहे का, हे आपण तपासलेलंच नसतं. नीट पुसलं तर दोन्ही कामं एकाच वेळी होतात. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी थोडा हिशोब

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत प्रवेशाच्या तारखेपासून किमान 3 वर्षं आणि कमाल 6 वर्षं आहे. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षं मिळू शकतात. म्हणजे पहिल्या वर्षी घेतलेलं वाचन तुम्हाला सहाव्या वर्षी, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्रीही उघडता आलं पाहिजे. एवढ्या काळात एक लॅपटॉप तरी बिघडतो, पडतो किंवा बदलावा लागतो, असं धरूनच नियोजन करायला हवं.

मग सगळं क्लाउडवर का टाकायचं नाही? टाकावं, जेवढं जमतं तेवढं. पण नेकनूरसारख्या ठिकाणी बसून हिशोब करून बघा. तुमच्याकडे फोटो, उपकरणांच्या फायली आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग मिळून 100 जीबी डेटा आहे. अपलोडचा वेग सलग 5 एमबीपीएस मिळाला तरी सुमारे 44 तास लागतील, तेही वीज आणि नेटवर्क एकदाही न जाता. आणि मोबाइलचा रोज 2 जीबीचा पॅक असेल, तर पूर्ण पॅक फक्त याच कामाला लावूनही 50 दिवस. हाच डेटा यूएसबी 3 च्या वायरने हार्ड डिस्कवर अर्ध्या तासात जाऊ शकतो. छोट्या फायली खूप असतील तर थोडा जास्त वेळ लागेल.

म्हणून माझा सल्ला असा. प्रबंधाची प्रकरणं, कोष्टकं, प्रोग्रॅम अशा छोट्या फायली क्लाउडवर ठेवा आणि मोठा कच्चा डेटा हार्ड डिस्कवर. त्यासाठी दर वेळी नवीन डिस्क घ्यायची गरज नसते. पण जुनी वापरायची तर ती पारखून घ्यावी लागते.

जुन्या डिस्कमध्ये कोण कोण असतं

जुनी डिस्क साधारण तीन ठिकाणांहून येते. घरातल्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून, विभागातल्या निकामी ठरवलेल्या संगणकातून किंवा दुकानातून सेकंडहँड. गावाकडे एक चौथी वाटही आहे. सेवा केंद्रातला किंवा झेरॉक्सवाल्याचा जुना संगणक बदलला जातो आणि त्याची डिस्क कोणाच्या तरी हाती लागते. त्या डिस्कमध्ये काय असू शकतं याचा विचार करा. आधार कार्डांचे स्कॅन, बँक पासबुकाची पहिली पानं, जातीचे दाखले, पीक विम्याचे अर्ज. अर्ध्या गावाची कागदपत्रं.

ही नुसती भीती नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी 2000 ते 2002 या काळात 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि 2003 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या 129 डिस्क चालू होत्या. 69 डिस्कमधून फायली परत मिळवता आल्या आणि 49 मध्ये महत्त्वाची खासगी माहिती सापडली. 5,000 हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर हाती लागले. नीट पुसलेल्या डिस्क होत्या फक्त 12. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फॉरमॅट मारला होता आणि डिस्क रिकामी झाली असं त्यांना वाटलं होतं.

आता हे आपल्या संशोधनाला लावून बघा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत 82,309 महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं समोर आलं. हे आकडे आपल्याला माहीत आहेत. त्या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, आणि तसंच असायला हवं. उद्या तुमच्यापैकी कोणी आरोग्य, कर्जबाजारीपणा, स्थलांतर अशा विषयावर प्रश्नावली घेऊन वस्तीवर जाईल. समोरची बाई संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देईल ती तुमच्या शब्दावर. तुमची डिस्क पुढे कोणाच्या हाती जाते, यावर तो शब्द खरा की खोटा हे ठरतं.

म्हणून जुनी डिस्क हाती आली की आत काय आहे ते चाळत बसू नका. डिस्क घरातलीच असेल तर मात्र उलटं करा. घरच्यांना विचारा, त्यांना दाखवा. लग्नाचे फोटो, भावाच्या गुणपत्रिका, कोणाच्या तरी शेवटच्या आजारपणातले व्हिडिओ एवढ्या एकाच जागी असू शकतात. आधी ते दुसरीकडे उतरवा. विभागातली डिस्क असेल तर गाइडची आणि विभागाची लेखी परवानगी घ्या. काही डेटा ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवणं बंधनकारक असतं, तो आपण पुसून चालत नाही.

डिलीट, फॉरमॅट आणि पुसणं : तिन्हीत फरक काय

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधून एखाद्या घराची नोंद खोडली म्हणून ते घर पडत नाही. डिलीटचं तसंच आहे. डिस्कवर प्रत्येक फायलीची नोंद एका यादीत असते. फाइलचं नाव काय, ती कुठून कुठपर्यंत आहे वगैरे. डिलीट केलं की ही नोंद 'जागा मोकळी' अशी होते. फाइलमधला मजकूर मात्र, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तिथेच असतो.

क्विक फॉरमॅट म्हणजे जुनं रजिस्टर बाजूला ठेवून नवं कोरं रजिस्टर आणणं. कागदावर गाव रिकामं दिसतं, पण घरं उभीच असतात. रिकव्हरीचे मोफत प्रोग्रॅम नोंदींकडे न बघता सरळ डिस्कवर फिरतात आणि ही घरं शोधून काढतात.

पुसणं म्हणजे डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काहीतरी नवं लिहिणं. बहुतेक वेळा शून्य लिहितात. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला, तर त्या पार्टिशनवर शून्यं लिहिली जातात. पण ती फक्त त्या पार्टिशनपुरती. डिस्कवर लपलेलं दुसरं पार्टिशन असेल तर ते तसंच राहतं. म्हणून पार्टिशनऐवजी अख्खी डिस्क पुसायची.

पुसण्याआधी तब्येत तपासा

लॅपटॉपची 2.5 इंची डिस्क वापरायला सर्वात सोपी. बाजारात साटा ते यूएसबी असं केसिंग मिळतं, त्यात डिस्क बसवली की पेन ड्राइव्हसारखी जोडता येते, वेगळी वीज लागत नाही. डेस्कटॉपच्या 3.5 इंची डिस्कला मात्र 12 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो. केसिंग यूएसबी 3 चंच घ्या.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल हे मोफत प्रोग्रॅम ती नोंद दाखवतात. काही स्वस्त केसिंग ही माहिती पुढे जाऊ देत नाहीत. तसं झालं तर डिस्क थेट एखाद्या संगणकाला जोडून तपासा. चार आकडे वहीत उतरवून घ्या.

1. नोंद क्रमांक 5 : खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर.
2. नोंद क्रमांक 197 : वाचता येत नाहीत म्हणून निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर.
3. नोंद क्रमांक 198 : दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर.
4. नोंद क्रमांक 9 : डिस्क एकूण किती तास चालली आहे.

पहिले तीन आकडे शून्य हवेत. क्रमांक 199 वाढलेला दिसला तर बहुतेक दोष वायरचा असतो, आधी वायर बदलून बघा.

गूगलच्या तीन संशोधकांनी 2007 मध्ये 1 लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर पुढच्या 60 दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत 39 पट होती. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही दिसली नव्हती. याचा अर्थ, वाईट रिपोर्ट आला तर डिस्क नाकारा, पण चांगला रिपोर्ट आला म्हणून निर्धास्त होऊ नका. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर ही चाचणी होकार देते तेव्हा ऐकण्यासारखी आहे, नकार देते तेव्हा तितकी नाही.

आता पुसायला बसा

पुसताना डिस्कला आपल्या प्रत्येक सेक्टरवर लिहावं लागतं. प्रतीक्षेत असलेला सेक्टर एकतर नीट लिहिला जातो किंवा खराब ठरून बदलला जातो. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला कोपराही यातून सुटत नाही. म्हणून पुसणं हीच डिस्कची सर्वात कसून घेतलेली परीक्षा आहे. पुसण्याआधीचे चार आकडे आणि नंतरचे चार आकडे शेजारी शेजारी ठेवले, की डिस्क पास की नापास ते कळतं.

विंडोजवर कृती अशी. कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या, इथे फक्त त्यांचे उच्चार देते.

1. ही डिस्क सोडून बाकीच्या सगळ्या बाहेरच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. हा टप्पा वगळायचा नाही.
2. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'डिस्कपार्ट' सुरू करा.
3. 'लिस्ट डिस्क' दिल्यावर यादी दिसेल. क्षमता बघून आपली डिस्क ओळखा. सहसा 0 क्रमांक लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कचा असतो, पण नुसत्या अंदाजावर जाऊ नका.
4. 'सिलेक्ट डिस्क' आणि पुढे क्रमांक. मग 'डिटेल डिस्क' देऊन नाव आणि पार्टिशनं पुन्हा वाचा. शेजारी कोणी असेल तर त्यांनाही वाचायला लावा.
5. 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनची नोंद जाते, डेटा राहतो. 'ऑल' लावलं तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं.

लक्षात घ्या, 'क्लीन ऑल' तुम्हाला 'नक्की का?' असं विचारत नाही आणि किती काम झालं तेही दाखवत नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहतो. संगणक अडकला असं समजून मध्येच बंद करू नका. 500 जीबीची डिस्क सेकंदाला 80 एमबी वेगाने लिहिली गेली तर साधारण पावणेदोन तास लागतात. यूएसबी 2 च्या वायरने वेग 30 एमबीपर्यंत खाली येतो आणि तेच काम साडेचार तासांवर जातं.

लिनक्सवाल्यांनी 'एलएसबीएलके'ने डिस्क ओळखावी आणि 'बॅडब्लॉक्स' लिहिण्याच्या पर्यायासह चालवावं. ते चार वेगवेगळे नमुने लिहितं आणि प्रत्येक नमुना परत वाचून ताडून बघतं, शेवटचा नमुना शून्याचा असतो. म्हणजे लिहिण्याच्या चार आणि वाचण्याच्या चार अशा आठ फेऱ्या. वरच्याच डिस्कला सुमारे 14 तास. वेळ असेल तर हीच परीक्षा घ्या.

आपल्याकडे दोन गोष्टींचं भान ठेवावं लागतं, वीज आणि ऊन. लॅपटॉप आणि 2.5 इंची डिस्क असेल तर लाइट गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ निघतो. 3.5 इंची डिस्कचा अ‍ॅडाप्टर मात्र इन्व्हर्टरवर लावा. बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. लॅपटॉपच्या बहुतेक डिस्कची चालण्याची मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते. सलग लिहिताना डिस्क स्वतः तापते, त्यात खोलीची उष्णता मिळाली की ही मर्यादा फार लांब राहत नाही. उन्हाळ्यात हे काम रात्री लावा, डिस्क फरशीवर किंवा लाकडी पाटावर सपाट ठेवा, गादीवर नको. चालू असताना ती हलवू नका.

किती वेळा पुसायचं?

'35 वेळा पुसावं लागतं' असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. हा आकडा पीटर गुटमन यांच्या 1996 च्या शोधनिबंधातून आला. त्या काळात डिस्कवर माहिती लिहिण्याच्या अनेक पद्धती होत्या आणि त्या सगळ्यांसाठी मिळून त्यांनी 35 फेऱ्यांची यादी दिली होती. कोणत्याही एका डिस्कला त्या सगळ्या लावाव्यात असा तिचा अर्थ नव्हता, हे पुढे गुटमन यांनीच स्पष्ट केलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2014 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजच्या चुंबकीय डिस्कसाठी साधारणपणे एक पूर्ण फेरी पुरते. एक आकडा संदर्भाशिवाय कसा फिरत राहतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे. संदर्भ घेताना मूळ निबंध वाचा, असं गाइड का म्हणतात ते इथे कळतं.

हे सगळं फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कबद्दल झालं. एसएसडीला ही पद्धत लावू नका. एसएसडी कोणत्या जागी लिहायचं हे स्वतः ठरवते, त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी आतले काही जुने भाग सुटू शकतात. तिच्यासाठी कंपनीच्या प्रोग्रॅममधला 'सिक्युअर इरेज' किंवा 'सॅनिटाइज' हा पर्याय असतो.

पार्टिशन कसं करायचं

पुसलेली डिस्क पूर्ण कोरी असते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसेल आणि एमबीआर की जीपीटी असं विचारलं जाईल. जीपीटी निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही आणि पार्टिशनची नोंद एकाच ठिकाणी असते. जीपीटीमध्ये त्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. बॅकअपची पद्धत डिस्कच्या रचनेतच आहे म्हणा ना.

500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 465 दाखवते. यात फसवणूक नाही. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. या 465 चे मी दोन भाग सुचवेन.

पहिला भाग 350 चा, साध्या कामासाठी. उपकरणांची वाचनं, उपग्रह चित्रं, वाचलेले शोधनिबंध, प्रबंधाच्या आवृत्त्या.

दुसरा भाग 115 चा, माणसांच्या माहितीसाठी. प्रश्नावल्या, मुलाखती, संमतीपत्रांचे स्कॅन, नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडयादी. हा भाग कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेला हवा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. होम आवृत्तीवाल्यांनी मोफत मिळणारं व्हेराक्रिप्ट वापरावं. पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद डिस्कजवळ ठेवू नका. पासवर्ड हरवला तर डेटा गेला, असंच धरून चाला.

फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस ठेवा. विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा सगळ्यांवर फिरवायची असेल तर एक्सफॅट सोयीचं आहे. फॅट32 टाळा, त्यात 4 जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढा. थोडा वेळ जाईल, पण डिस्क पुन्हा एकदा तपासली जाईल. सगळं झाल्यावर स्मार्टचे चारही आकडे परत बघा. 5, 197 किंवा 198 यांपैकी एकही शून्यावरून वर गेला असेल तर ती डिस्क बॅकअपला घेऊ नका.

आणि एक गोष्ट ध्यानात राहू द्या. एकाच डिस्कच्या दोन पार्टिशनमध्ये एकच फाइल ठेवली तर ती एकच प्रत. डिस्क पडली की दोन्ही गेल्या.

बॅकअप म्हणजे किती प्रती, आणि कुठे

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने 3-2-1 हा नियम लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. पीएच.डी. करणाऱ्या गावाकडच्या मुलामुलींना यातली तिसरी अट फुकटात पाळता येते. लॅपटॉप छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात आणि डिस्क नेकनूरला घरी. मध्ये शंभराहून जास्त किलोमीटर. दिवाळीला, पाडव्याला घरी येताना लॅपटॉप आणायचा, बॅकअप घ्यायचा, डिस्क काढून कपाटात ठेवायची. मधल्या काळातलं नवं काम क्लाउडवर.

दुसरं ठिकाण कशासाठी? 21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली आणि कित्येक विभागांच्या फायली जळाल्या. ज्या कागदांची प्रत दुसरीकडे होती, ते पुन्हा उभे करता आले. बाकीच्यांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून कागद मागवत बसावं लागलं. त्यानंतर राज्यात ई-ऑफिसच्या कामाला जोर आला. प्रत कितीही चांगली असली तरी मूळ कागदाच्याच इमारतीत असेल तर आगीपुढे दोन्ही सारख्याच.

आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅमही चुकू शकतो. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे 77 टीबी संशोधन डेटा नाहीसा झाला, अंदाजे 3 कोटी 40 लाख फायली. 14 संशोधन गटांना त्याचा फटका बसला आणि त्यातल्या 4 गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळण्यासारखा नव्हता. कारण होतं पुरवठादाराने बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये केलेला बदल. जुन्या लॉग फायली काढून टाकण्याऐवजी त्याने खऱ्या फायलीच काढल्या. क्योटोसारख्या ठिकाणी हे होतं, तर आपण एकाच प्रोग्रॅमवर भरवसा ठेवून बसू नये.

म्हणून 'सिंक' आणि 'बॅकअप' यात गल्लत करू नका. सिंक म्हणजे आरसा. लॅपटॉपवर चुकून फाइल उडाली की आरशातूनही उडते. बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहिल्या पाहिजेत. सोपी पद्धत अशी की प्रत्येक वेळी तारखेचं वेगळं फोल्डर करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्या आणि जागा भरत आल्यावरच सर्वात जुनं फोल्डर काढा. काम झालं की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेल्या डिस्कवर व्हायरस आणि खंडणीवाले प्रोग्रॅमही पोहोचतात.

परत मिळवून पाहिलं का?

इथे बहुतेक जण थांबतात. फायली कॉपी झाल्या, बार 100 टक्क्यांवर गेला. पण ती फाइल परत उघडते का?

यासाठी चेकसम वापरा. शा-256 ही पद्धत कोणत्याही फाइलमधून 64 अक्षरांची एक खूण काढते. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' आणि लिनक्समध्ये 'शा256सम' ही कमांड आधीपासूनच असते. बॅकअप घेताना महत्त्वाच्या फायलींच्या खुणा एका यादीत लिहून ठेवा.

मग दर तीन महिन्यांनी एवढं करा. डिस्कवरच्या कोणत्याही दहा फायली निवडा, त्यात किमान दोन कुलूपबंद भागातल्या असू द्या. त्या शक्यतो दुसऱ्या संगणकावर उतरवा. खुणा ताडून बघा, फाइल उघडून बघा आणि एखादा आलेख त्यावरून परत काढून बघा. तारीख, निकाल आणि स्मार्टचे चार आकडे वहीत लिहा. प्रयोगशाळेत आपण उपकरणाचं कॅलिब्रेशन नोंदवतो, ही तशीच नोंद आहे. परत मिळवून न पाहिलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही.

कपाटात ठेवताना डिस्क हवाबंद डब्यात, ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा. श्रावणातल्या दमट हवेत त्याचा उपयोग होतो. वर चिठ्ठी लावा : क्षमता, पहिली तारीख, शेवटची तपासणी. आत कोणाची माहिती आहे ते चिठ्ठीवर लिहू नका.

डिस्क नापास झाली तर

खराब सेक्टर निघाले म्हणून तिला 'कमी महत्त्वाच्या' कामाला ठेवायचा मोह होतो. संशोधनाच्या डेटासाठी ठेवू नका. आणि तशीच भंगारवाल्यालाही देऊ नका. जे सेक्टर लिहिताच आले नाहीत, त्यावर जुनी माहिती शिल्लक असू शकते. डिस्कला ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा, तबकड्यांतून जातील अशी. अनेक 2.5 इंची डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात, तुकडे उडतात, म्हणून चष्मा आणि जाड कापड वापरा. मग ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आपल्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात ई-कचरा गोळा करतात का, ते विचारून घ्या.

या आठवड्यात करायचं काम

एक जुनी डिस्क शोधा. घरच्यांना विचारा. चार आकडे वहीत लिहा. रात्री पुसायला लावा, सकाळी चार आकडे परत लिहा. दोन पार्टिशन करा, एकाला कुलूप लावा. बॅकअप घ्या आणि दहा फायली परत उघडून बघा.

यात एक-दोन रात्री आणि एका केसिंगचे पैसे जातील. पण पुढे फील्डवर गेल्यावर समोरचा माणूस विचारेल, 'ताई, हे लिहून घेतलेलं कुठं जाणार?' तेव्हा तुम्हाला नेमकं उत्तर देता येईल : दोन ठिकाणी कुलूपबंद आहे, आणि काम संपल्यावर ते कसं पुसायचं ते मला माहीत आहे.